मुबीनच्या झांजा

आमची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, जगाची रविवारी. एमआयडीसीतला हा जुना रिवाज आहे, आणि माणसाला एकटं पाडायला याच्याइतका सोपा उपाय दुसरा नाही. गुरुवारी सकाळी मी दाढी-आंघोळ उरकून तयार असतो आणि भेटायला कोणीच रिकामं नसतं. लग्नं रविवारी, बारशी रविवारी, जुन्या मित्रांचं जमणं रविवारी. सुरुवातीला लोक बोलवायचे, मी ‘शिफ्ट आहे’ म्हणायचो. मग त्यांनी बोलावणं सोडलं, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. मी पंचेचाळीस वर्षांचा आहे, नाव निरंजन, दापोडीत एका खोलीत राहतो. लग्न केलं नाही. ‘केलं नाही’ असं म्हणायची पद्धत आहे. झालं नाही हे खरं.

माझ्याकडे होता तो एक बँड. आमच्या गावाकडे बँड म्हणजे वरातीतला. करमाळ्याहून आईचा फोन येतो तेव्हा ती अजून विचारते, "ते तुझं वाजवणारं काय म्हणत्यात? सुपाऱ्या मिळत्यात का न्हाई?" मी सांगतो, मिळतात. तिला कुठं समजावत बसणार. ‘तिसरी पाळी’ हा प्रोग्रेसिव्ह रॉक वाजवणारा बँड आहे. म्हणजे गाणं पंधरा-वीस मिनिटांचं, शब्द कमी, चाल मध्येच वाट बदलणार, आणि मात्रा चाराच्या नाहीत. सात, अकरा, कधी तेरा. टाळी द्यायला जाल तर फजिती ठरलेली. असलं ऐकणारे लोक मुळात थोडे, मराठीत तर बोटांवर मोजण्याइतके. त्यातलं एक बोट मी, आणि बाकीची केव्हाच मिटली असावीत अशी मला शंका आहे.

दोन हजार सात साली एका पॉलिटेक्निकमधल्या तिघांनी हा बँड काढला. रणजीत गिटार वाजवतो आणि गातो, विजयश्री कीबोर्डवर, मुबीन ड्रमवर. त्यांचा पहिला कार्यक्रम मी भोसरीच्या एका मंगल कार्यालयात पाहिला. ऐकायला सतरा माणसं होती, त्यातली पाच मांडववाल्याची. त्यानंतर मी एकही कार्यक्रम चुकवला नाही. रजा टाकली, पाळी बदलून घेतली, एकदा ताप असताना गेलो. पण अठरा वर्षांत त्या तिघांशी एक अक्षर बोललो नव्हतो. देवळात गेलं म्हणजे पुजाऱ्याशी दोस्ती केलीच पाहिजे असं थोडंच आहे.

खरं सांगायचं तर त्यांचा पहिला अल्बम चांगला नव्हता. मला तो पाठ आहे, पण चांगला नव्हता. तिघांनाही किती येतं ते एकदम दाखवायचं होतं. मुबीनने तर सिंबल, म्हणजे ड्रमच्या वर टांगलेल्या त्या पितळी झांजा, इतक्या बडवल्या होत्या की भांड्यांची मांडणी जिन्यावरून खाली आल्यासारखं वाटावं. दुसऱ्यात जरा दम आला. तिसऱ्यात रणजीत थांबायला शिकला. मग नऊ वर्षं काहीच नाही. रणजीत आयटीत गेला, विजयश्री कॉलेजात शिकवू लागली, मुबीनने कासारवाडीतलं वडिलांचं डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज हातात घेतलं. मी वाट पाहत राहिलो. वाट पाहायची मला सवय आहे.

आता माझ्या कानांबद्दल सांगायला हवं. चाकणच्या कारखान्यात मी गिअरबॉक्स ऐकतो. हे काम आहे, चेष्टा नाही. तयार झालेला प्रत्येक गिअरबॉक्स शेवटी आमच्या बंद खोलीत येतो आणि यंत्रावर चढवून फिरवला जातो. यंत्राला सेन्सर आहे, पडद्यावर आलेख उमटतो, तरी शेवटचा शब्द माणसाचा, म्हणजे माझा. दात्याला खरचटलं असेल तर टिकटिक येते. बेअरिंग बिघडलं असेल तर बारीक शिट्टी येते. लाइनवर मला नावाने कोणी हाक मारत नाही, ‘कान’ म्हणतात. ‘कानाला विचार’, ‘कान जेवायला गेलाय’. पोरं गमतीने म्हणतात, मला ती पदवी वाटायची. गेल्या वर्षभरात तीन बॉक्स गिऱ्हाइकाकडून परत आले, शिट्टी येते म्हणून. तिन्ही मी पास केलेले. मी सुपरवायझरशी कडाकडा भांडलो, वाहतुकीत काहीतरी हललं असणार म्हणालो, आणि भांडण मीच जिंकलो. कानाशी कोण वाद घालणार?

यंदा जानेवारीत ‘उतार’ आला. चाहत्यांचं फेसबुकवर एक पान आहे, त्यावर रणजीतने तो आधी आम्हालाच ऐकायला दिला. लिहिलं होतं की हे कच्चं मिक्स आहे, म्हणजे कुठलं वाद्य किती मोठं ठेवायचं ते मुबीनने त्याच्या कानाने ठरवलंय. ऐकून सांगा, मार्चमध्ये पक्कं करू आणि चिंचवडच्या नाट्यगृहात वाजवू.

मी तो कंपनीच्या बसमध्ये ऐकला, दुपारी, पहिली पाळी सुटल्यावर. चाकणच्या चौकात बस अडकली होती, ती रोजच अडकते, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदाच त्याचं बरं वाटलं. रणजीतची गिटार आता घाई करत नव्हती. विजयश्री एकच सूर धरून बसायची, माझा श्वास अडकेपर्यंत. आणि मुबीन! पहिल्या अल्बममधला तो दंगेखोर मुबीन कुठे गेला होता कोण जाणे. सगळा अल्बम शांत, खोल, पिकलेला. नाशिक फाटा आल्याचं मला कळलंच नाही, ड्रायव्हरने हाक मारून उतरवलं.

त्याच आठवड्यात मी त्या पानावर लिहिलं. मथळा दिला, ‘मुबीनने झांजा खाली ठेवल्या’. त्यातला एक भाग असा होता:

‘अठरा वर्षांपूर्वी मुबीनला गप्प बसता येत नव्हतं. आता त्याची काठी धातूवर नुसती टेकते. टिक, आणि पुढे काही नाही. जिथे पूर्वी झगमगाट होता तिथे त्याने मोकळी जागा सोडली आहे, आणि त्या जागेत मला पहिल्यांदाच या तिघांचं गाणं ऐकू आलं. हे वय झाल्याशिवाय येत नाही. दाखवायचं काही उरलं नाही की माणूस असं वाजवतो.’

माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं लिखाण आहे असं मला तेव्हा वाटलं. अजूनही वाटतं, हीच तर पंचाईत आहे.

बाकीच्यांचं मत वेगळं होतं. एकाने लिहिलं, सिंबल फार टोचतात. दुसऱ्याने लिहिलं, दहा मिनिटांत कान किटले. ‘मुबीनभाई, दया करा’ असंही कोणी लिहिलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. नऊ वर्षं बँडकडे ढुंकून न पाहणारे हे लोक, आणि आता आले अक्कल पाजळायला. मी एकेकाला उत्तर दिलं: आधी बरे इअरफोन घ्या, मग बोला. ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात. मी जनाचं ऐकण्याचीही तसदी घेतली नाही.

मग एका गुरुवारी सकाळी फोन आला.

"निरंजनभाऊ का? मी मुबीन बोलतोय. तिसरी पाळीचा."

मी उभा राहिलो. खोलीत एकटाच होतो, तरी उभा राहिलो.

"तुम्ही लिहिलेलं वाचलं भाऊ," तो म्हणाला. "तीनदा वाचलं. शमीमला, माझ्या बायकोला पण वाचून दाखवलं. फेसबुकवर तुमचा नंबर मिळाला, चाकणला काय काम करता तेही कळलं. आज सुट्टी असेल ना तुमची? या की गॅरेजला. चहा घेऊ."

कासारवाडी माझ्या खोलीपासून एक स्टेशन. मी लोकलची वाट न बघता रिक्षानेच गेलो. गॅरेजही गुरुवारी बंद होतं. अर्ध्या शटरखालून वाकून आत गेलो तर मुबीन एका गाडीच्या बॉनेटवर हातोडीने ठोकत होता, सुट्टीच्या दिवशी. केस पांढरे झाले होते. स्टेजवर लांबून ते कधी दिसले नव्हते. त्याने मला खुर्ची पुसून दिली, चहा मागवला, आणि बराच वेळ नुसता माझ्याकडे बघून हसत होता. मी चहाचा कप हातात फिरवत बसलो. अठरा वर्षांचं साचलेलं असलं की असंच होतं.

"मिक्सवरून भांडण चाललंय आमचं," शेवटी तोच म्हणाला. "रणजीत म्हणतो सिंबल निम्मे कर. विजयश्री पण तेच म्हणते. मी म्हटलं, अरे आहेतच कुठे, मी तर हळू वाजवलेत. तर रणजीत म्हणतो, मुबीन, तुझे कान गेले."

"काहीतरीच."

"अब्बांचे गेले होते, पन्नाशीच्या आत. पत्रा ठोकून ठोकून. पण माझे नाही गेले भाऊ. तुम्ही लिहिलंय ना. तुम्ही तर चाकणला गिअरबॉक्स ऐकता, तुमच्याहून कान कोणाचे?" त्याने कप खाली ठेवला. "वाकडचा एक ड्रमर बघून ठेवलाय त्यांनी. चोवीस वर्षांचा आहे. मार्चच्या कार्यक्रमाला तो बसेल म्हणतात, मी आराम करायचा. माझ्याकडे हे गॅरेज आहे आणि ते ड्रम आहेत, तिसरं काही नाही. ड्रम गेले तर मी काय करू सांगा. रविवारी पाच वाजता रणजीतच्या सोसायटीत बसणार आहोत. तुम्ही या. तुम्ही सांगितलं तर ते ऐकतील."

मी येतो म्हणालो. असा मान मला आजवर कोणी दिला नव्हता, आणि तो मला हवा होता. चालत दापोडीला परतलो ते शीळ घालत.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, कंपनीत कानांची तपासणी होती. आवाजात काम करणाऱ्यांची ती दरवर्षी होते, आणि नेहमी सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी, पाळी सुरू होण्याआधी, म्हणजे कान विसावलेले असतात. दवाखान्यात कपाटाएवढी एक काचेची खोली आहे. आत बसायचं, हेडफोन लावायचे, आवाज आला की हातातलं बटण दाबायचं. इतकी वर्षं ही तपासणी दत्तोबा करायचे. ते गेल्या वर्षी निवृत्त झाले. यंदा वर्षाली नावाची नवी मुलगी आली होती, पंचवीस-सव्वीसची, कामाला चोख.

मी नेहमीसारखा बसलो. आवाज येऊ लागले, मी दाबत गेलो. थोड्या वेळाने काचेचं दार उघडलं.

"सर, आवाज नसताना बटण का दाबताय?"

"नसताना कसं? आला की दाबतो."

"अकरा वेळा दाबलंत. मी काहीच सोडलं नव्हतं." ती रागावली नव्हती, हे जास्त वाईट. "आणि सोडला तेव्हा दाबलं नाहीत. तुम्ही मोजताय का सर?"

मी नाही म्हणणार होतो. मग माझ्या लक्षात आलं की मी मोजतच होतो. दत्तोबांचा हात घड्याळासारखा होता: आवाज, तीन आकडे, आवाज, तीन आकडे. सात मात्रा, अकरा मात्रा मोजत आयुष्य काढलेल्या माणसाला एवढा ताल पकडायला काय लागतं? मला बनवाबनवी करायची नव्हती, देवाशप्पथ. चौथ्या ठिकाणी आवाज यायलाच हवा असं इतकं पक्कं वाटायचं की तो ऐकू आलाच असं मला वाटायचं. किती वर्षं मी असा पास होत होतो कोण जाणे. वर्षाली मात्र कधी दोन आकड्यांनी आवाज सोडत होती, कधी नऊ.

तिने पुन्हा सगळी तपासणी केली, हळूहळू, आणि कागद माझ्यापुढे ठेवला. डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. रेघ डावीकडून सरळ आली होती आणि मध्यापुढे दरडीवरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. दोन्ही कानांची.

"बोलणं कळतं तुम्हाला, म्हणून लक्षात आलं नसेल," ती म्हणाली. "वरचे बारीक आवाज गेलेत. परत येत नाहीत सर ते. मला लिहून द्यावं लागेल."

"ड्रमचे सिंबल," मी विचारलं, "त्यांचा आवाज या कागदावर कुठे येतो?"

ती जरा गोंधळली, मग तिने पेनाचं टोक उजवीकडे फिरवलं, जिथे रेघ तळाला गेली होती. "काठीचा ठोका असेल इकडे, डावीकडे. पण त्यानंतरची छनछन, ती सगळी इथे."

त्या दिवशी मला टेस्टच्या खोलीतून काढून स्टोअरमध्ये बसवलं. लाइनवरची पोरं ‘कान’ म्हणून हाक मारायची थांबली, आणि नावाने हाक मारायची त्यांना सवय नव्हती, म्हणून हाकच मारेनात.

बसमध्ये मी माझं लिखाण पुन्हा वाचलं. टिक, आणि पुढे काही नाही. मोकळी जागा. वय झाल्याशिवाय येत नाही. मला इतकी लाज वाटली की शेजारच्याला दिसू नये म्हणून फोन उलटा धरला. लोकांना मी इअरफोन बदला म्हणालो होतो! पण लाजेपेक्षा भीती मोठी होती. हे कान गेले तर माझ्याकडे राहतं काय? आणि मुबीन? मला जे ऐकू येत नाही तेच त्याला ऐकू येत नव्हतं. पत्रा ठोकणारा तो, गिअर ऐकणारा मी. आपले कान शाबूत आहेत याचा एकमेव पुरावा म्हणून त्याने माझे कान धरून ठेवले होते.

शनिवारी मी त्याला फोन लावला, सगळं सांगायचं ठरवून. त्याने ‘हॅलो’ म्हणायच्या आतच सुरुवात केली. "भाऊ, उद्या बैठक झाली की आमच्याकडे जेवूनच जायचं. शमीमने खिमा करायचं ठरवलंय. खाता ना तुम्ही?" मी खातो म्हणालो आणि फोन ठेवला. मी भित्रा माणूस आहे, हे यात लपवण्यासारखं काही नाही.

रविवारी पाळी संपवून मी पिंपळे सौदागरला गेलो. रणजीतच्या सोसायटीत क्लब हाउसची एक खोली त्यांनी दोन तासांसाठी घेतली होती. ड्रमसेट सतरंजीवर मांडलेला. रणजीत टक्कल पडलेला, सभ्य माणूस निघाला. ‘या सर, बसा सर’ केलं. विजयश्रीने नमस्कार केला. तिच्या दोन्ही कानांत कापूस होता.

"आधी एकदा ऐका," रणजीत म्हणाला, आणि त्यांनी अल्बमचं सहावं गाणं वाजवलं, तेरा मिनिटांचं. मी मुबीनपासून चार हातांवर बसलो होतो. इतक्या जवळून त्याला मी कधी पाहिलं नव्हतं. त्याची काठी सिंबलवर टेकत नव्हती. तो खांद्यापासून हाणत होता. पितळेची ती थाळी दर सातव्या मात्रेला वेड्यासारखी डुलत होती, स्टँड थरथरत होता, आणि मला ऐकू येत होती फक्त एक टिक. बाहेरून जाणाऱ्या एका बाईने खिडकीतून आत बघून कानावर हात ठेवला. मुबीनचे डोळे मिटलेले होते. चेहऱ्यावर इतकी शांतता मी माणसाच्या पाहिलेली नाही.

गाणं संपलं. रणजीत माझ्याकडे वळला.

"तुम्ही लिहिलंत ते वाचलंय सर. खरं सांगा, तुम्हाला सिंबल जास्त वाटत नाहीत?"

मुबीन माझ्याकडे बघत होता. हसत होता. मी ‘नाही’ म्हणालो असतो तर त्याचा ड्रम राहिला असता, निदान मार्चपर्यंत. मग नाट्यगृहात सगळ्यांनी कानांवर हात ठेवले असते आणि तो डोळे मिटून वाजवत राहिला असता. ते मला डोळ्यांसमोर दिसलं आणि सहन झालं नाही.

"मला ऐकूच येत नाहीत," मी म्हणालो. "परवा कंपनीत तपासणी झाली. बारीक आवाज गेलेत माझे. मी लिहिलं त्याला काही अर्थ नाही. ते मागे घेतो."

मुबीन खाली वाकून स्टँडचा स्क्रू घट्ट करू लागला. तो आधीच घट्ट होता.

"सॉरी सर," रणजीत म्हणाला. मग मुबीनकडे बघून, हळू आवाजात, "मुबीन, मला तुला काढायचं नाहीये रे. एकदा शेवटचं बघू. मी मिक्स दोनदा लावतो. एकात सिंबल तू ठेवलेस तसे, एकात निम्मे केलेले. कमी कुठे आहेत ते तू सांग. सांगितलंस तर त्या वाकडच्या पोराला आत्ता फोन करून नको म्हणतो. नाही आलं सांगता, तर तूच ठरव."

मुबीनने मान हलवली.

रणजीतने लॅपटॉप आपल्याकडे वळवून स्पीकरवर पहिलं लावलं. विजयश्रीने आता कापूस काढला होता. मी ऐकू लागलो आणि पहिल्या मिनिटातच ते सोडून दिलं; माझ्या कानांना ते विचारणं म्हणजे आंधळ्याला वाट पुसणं. मी विजयश्रीकडे बघू लागलो. दर सातव्या मात्रेला तिचे खांदे किंचित वर जात होते, डोळे बारीक होत होते. तिला स्वतःला ते ठाऊक नसावं. मग दुसरं लागलं. माझ्यासाठी अक्षर न अक्षर तेच गाणं. सातवी मात्रा आली, गेली. तिचे खांदे खालीच. चौदावी, एकविसावी. ती खिडकीबाहेर बघत होती, आरामात.

रणजीत मुबीनचा चेहरा वाचत होता. मुबीन माझ्याकडे बघत होता, आणि त्याच्या कपाळावर घाम होता. तेव्हा मला कळलं की त्याला त्याच्या कानांबद्दल ठाऊक आहे; आज नाही, खूप आधीपासून. मी गुडघ्यावर दोन बोटं ठेवली.

"दुसऱ्यात," मुबीन म्हणाला. "दुसऱ्यात कमी आहेत."

रणजीतने लॅपटॉप मिटला आणि दोन्ही हातांनी तोंडावरून घाम पुसला. "बास. विषय संपला." त्याने खिशातून फोन काढला आणि बाहेर गेला. विजयश्री क्षणभर माझ्या गुडघ्याकडे बघत राहिली, मग कीबोर्डची वायर गुंडाळू लागली.

"मिक्स यापुढे रणजीतलाच बसवू दे," मुबीन तिला म्हणाला. "मला गॅरेजचं काम फार असतं. आणि नाट्यगृहात मी सिंबलला जपून वाजवीन. तू खूण कर, जास्त झालं तर."

"करीन," ती म्हणाली.

आम्ही दोघं चालत कासारवाडीकडे निघालो. त्याच्या घरी खिमा वाट बघत होता. ऊन उतरलं होतं, रस्ते रविवारच्या गर्दीने भरलेले, आणि माझ्याबरोबर कोणीतरी चालत होतं. नदीवरचा पूल लागला.

"तुला कसं कळलं दुसरं म्हणून?" मग त्याने विचारलं. भाऊ आणि तुम्ही वाटेत कुठेतरी गळून पडलं होतं.

"ताईंच्या खांद्यांवरून."

"हं." थोडं चालून तो म्हणाला, "मग तू लिहिलंस ते सगळं, मी गप्प बसायला शिकलो, मोकळी जागा सोडली, ते तुझ्या कानांमुळे."

"हो."

"मी तर बडवत होतो."

"हो. आज पाहिलं मी."

तो थांबला. पुलावरून बस गेली, तिचा जाड आवाज आम्हा दोघांनाही ऐकू आला असणार.

"नाही रे," तो म्हणाला. "मी बडवत नव्हतो. मी हळूच टेकवत होतो. काठी लागली की टिक, आणि पुढे मोकळं. मला तसंच ऐकू येत होतं, मला तसंच हवं होतं, म्हणून तर मी तसं मिक्स केलं. तू एक अक्षर चुकीचं लिहिलेलं नाहीस."

म्हणजे त्याने केलेला अल्बम त्याने केला तसा ऐकणारा साऱ्या जगात मी एकटा होतो. आता रणजीत तो दुरुस्त करणार होता, आणि ते योग्यच होतं. दुरुस्त झाल्यावरही आम्हा दोघांना तो होता तसाच ऐकू येणार होता. मी हे मुबीनला बोलून दाखवलं.

"मग आपल्याला काय फरक पडतो," तो म्हणाला, आणि पुलाच्या कठड्याला टेकून रडू लागला. मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. शमीमचे दोन फोन येऊन गेले, ते त्याच्या खिशात थरथरताना मी पाहिले.